पाणबुडी किती खोल, किती कललेली? काटा आणि बुडबुडा यांची गोष्ट

विशेष प्रतिनिधी, नागपूर

शून्य मैलाच्या दगडाजवळ १९०७ साली उभारलेल्या भूमापनाच्या खुणेवर नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे. ती सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर भरते. नागपूरकर समुद्रापासून जेवढे वर राहतात, साधारण तेवढेच समुद्राखाली गेले की आजच्या डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीची मर्यादा जवळ येते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील पाणबुड्यांचा आराखडा ज्या फ्रेंच कंपनीचा आहे, तिने या आराखड्याची कमाल खोली ‘३०० मीटरहून अधिक’ एवढीच जाहीर केली आहे. याहून नेमका आकडा कोणतेही नौदल सहसा सांगत नाही.

जमिनीची उंची एकदा मोजून दगडावर कोरता येते. पाणबुडीची खोली मात्र क्षणाक्षणाला वाचावी लागते. तिला खिडकी नसते. आतील हवेचा दाब जवळजवळ जमिनीवरच्याइतकाच ठेवलेला असल्यामुळे कानालाही काही जाणवत नाही. दहा मीटरवर असलेल्या खलाशाला आणि दोनशे मीटरवर असलेल्या खलाशाला शरीराने येणारा अनुभव सारखाच असतो. कल थोडाफार पायांना कळतो, पण एक-दोन अंशांचा कल चालत्या जहाजात कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणूनच खोली दाखवणारा काटा आणि कल दाखवणारा बुडबुडा ही पाणबुडीतील सर्वांत जुनी आणि आजही न हटलेली उपकरणे आहेत.

दाबावरून खोली

समुद्रात दर दहा मीटर खाली गेल्यावर पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. ३०० मीटरवर तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० किलोग्रॅम असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तांदळाचे तीस किलोचे पोते ठेवल्यासारखा हा भार पाणबुडीच्या संपूर्ण कवचावर चारी बाजूंनी पडत असतो. हा दाब मोजला की खोली कळते. खोलीमापक म्हणजे मुळात दाबमापकच होय. त्याच्या तबकडीवर दाबाऐवजी मीटर लिहिलेले असतात, एवढाच फरक.

या उपकरणाचे हृदय म्हणजे यूजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी नळी. जत्रेत मुलांना मिळणारी, फुंकर मारली की उलगडणारी कागदी पिपाणी डोळ्यांसमोर आणावी. बूर्दाँची नळी धातूची, चपटी आणि अर्धवर्तुळाकार असते. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेल्या दातेरी चाकामुळे काटा फिरतो. बाष्पकाच्या दाबासाठी ही नळी फार उपयोगी पडली. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जशी वाफेची इंजिने जपून ठेवली आहेत, तशा इंजिनांच्या चालकासमोरची तबकडी याच तत्त्वावर चालत असे. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिजन सिलिंडरवरील तबकडीतही बहुधा हीच नळी होती. पाणबुडीत नळीचे एक टोक कवचातून आरपार समुद्राला जोडलेले असते. तिला वीज लागत नाही.

मात्र ही नळी समुद्राचा दाब पाणबुडीच्या आतील हवेच्या तुलनेत मोजते. त्यामुळे आतील दाब बदलला की काटाही फसतो. डिझेल इंजिन चालवण्यासाठी पाणबुडी स्नॉर्केल नावाची श्वासनळी पाण्याबाहेर काढते. लाट आली की नळीचे तोंड आपोआप मिटते आणि इंजिन तेवढा वेळ पाणबुडीच्या आतलीच हवा खेचते. अशा वेळी आतील दाब ५० मिलिबारने जरी उतरला, तरी पाणबुडी जागची न हलता काटा अर्धा मीटर जास्त खोली दाखवतो. आतील दाब वाढला तर उलट घडते व खोली कमी दिसते. दोनशे मीटरवर या अर्ध्या मीटरची फिकीर कोणी करीत नाही. पृष्ठभागालगत मात्र, जेथे पेरिस्कोपचे टोक तेवढे बाहेर ठेवायचे असते, हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

पाण्याचा खारेपणा हीही एक भानगड आहे. अरबी समुद्राच्या तुलनेत बंगालच्या उपसागराचे वरचे पाणी मोठ्या नद्यांमुळे कमी खारट, म्हणून हलके असते. त्याने काट्यात पडणारा फरक नगण्य म्हणावा असा, शंभर मीटरमागे काही सेंटिमीटरांचा असतो. पण पाण्याखाली सुमारे १७७५ टन पाणी बाजूला सारणाऱ्या कलवरीसारख्या पाणबुडीला घनतेतील एक सहस्रांश घटही पावणेदोन टनांनी जड करते. मुंबईहून विशाखापट्टणमकडे जाताना टाक्यांतील काही टन पाणी त्यासाठी बाहेर टाकावे लागते. ते किती टाकायचे, याचा अंदाज पुन्हा काटा आणि बुडबुडा पाहूनच येतो.

गवंड्याची पाणसळ समुद्रात

कल मोजण्याचे तत्त्व कोणत्याही बांधकामावर पाहायला मिळते. गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ या दोन्ही वस्तू पाणबुडीत वेगळ्या रूपात असतात. द्रव भरलेली, किंचित कमानदार काचेची नळी पाणबुडीच्या लांबीच्या दिशेने बसवतात. तिच्यातील हवेचा बुडबुडा नेहमी सर्वांत उंच जागी जातो. नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली झुकले की तो मागे सरकतो आणि नळीवरील खुणांवरून अंश वाचता येतात. दुसरी लहान नळी आडवी असते. ती डाव्या-उजव्या बाजूचा कल सांगते. अमेरिकी पाणबुड्यांत आजही कलाला ‘बबल’ असेच म्हणतात.

बुडबुड्यालाही एक खोड आहे. एसटीने करकचून ब्रेक लावला की हातातील बाटलीतले पाणी पुढे चढते, रस्ता सपाट असला तरी. पाणबुडीचा वेग बदलताना नळीतील द्रवाचे असेच होते. दर सेकंदाला वेग सुमारे १७ सेंटिमीटर प्रतिसेकंद इतका जरी बदलत असला, तरी एक अंशाचा खोटा कल दिसतो. त्यासाठी पुढे घूर्णदर्शी, म्हणजे जायरोस्कोप आले. आता प्रकाशकिरणांवर चालणारी जायरोस्कोप आणि संगणकीय पडदे आहेत. तरीही काचेची साधी नळी अनेक पाणबुड्यांतून गेलेली नाही, कारण वीज गेली तरी ती चालते.

चमकणारी बुरशी आणि पाऱ्याचा स्तंभ

१७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश युद्धनौकेवर चाल करून गेलेली डेव्हिड बुशनेल यांची ‘टर्टल’ ही एका माणसाची लाकडी पाणबुडी होती. तिच्यातही खोलीमापक होता. अठरा इंची काचनळीत बुचाचा एक तुकडा तरंगत असे आणि पाणबुडी खाली गेली की तो नळीत वर चढे. एक इंच म्हणजे साधारण एक वाव, सहा फूट. अडचण उजेडाची होती. मेणबत्ती लावावी तर आतील हवा संपणार. म्हणून अंधारात चमकणारी लाकडावरची बुरशी वापरण्यात आली. कडाक्याच्या थंडीत तिचा उजेड मंदावतो, हा नवाच प्रश्न मग उभा राहिला.

अमेरिकी यादवी युद्धातील ‘हनली’ या पाणबुडीत खोलीसाठी पाऱ्याचा स्तंभ होता. युद्धनौका बुडवणारी ही जगातील पहिली पाणबुडी. तो पराक्रम फेब्रुवारी १८६४ मधला. त्याआधी, १५ ऑक्टोबर १८६३ रोजी, सरावाच्या बुडीत ती वर आलीच नाही. तिला ज्यांचे नाव मिळाले, त्या होरेस हनली यांच्यासह आतील आठही जण गेले. शोध लागला तेव्हा पाणबुडीचे नाक तळाच्या चिखलात रुतलेले होते.

काटा एकटा अपुरा का?

कलवरी ६७.५ मीटर लांब आहे. ती अवघा एक अंश झुकली की तिच्या दोन टोकांच्या खोलीत १.२ मीटरचा फरक पडतो. दहा अंशांना हा फरक ११.७ मीटर होतो, वीस अंशांना २३ मीटर. तबकडीवरील आकडा मात्र एकच असतो, म्हणून तो पाणबुडीच्या कोणत्या भागाची खोली सांगतो हे आधीच ठरवून घ्यावे लागते. बहुतेक ठिकाणी ती तळाच्या कण्यापासून मोजतात.

दुसरे कारण वेळेचे. आठ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने जाणारी पाणबुडी दहा अंश खाली झुकलेली राहिली, तर ती मिनिटाला ४३ मीटर खोल जाते. शंभर मीटरवरून तीनशेवर पोहोचायला तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. हाच वेग वीस नॉट आणि झुकाव वीस अंश असेल तर तेवढेच अंतर एका मिनिटाच्या आत संपते. आडवी सुकाणे हाताळणारा खलाशी काट्याइतकेच बुडबुड्याकडे डोळे लावून का बसतो, ते यावरून कळावे.

अमेरिकेच्या ‘चॉपर’ या पाणबुडीने ११ फेब्रुवारी १९६९ रोजी याचा अनुभव घेतला. क्यूबाजवळ दीडशे फुटांवर सराव सुरू असताना तिची वीज गेली आणि नाळ खाली झुकत गेली. सावरेपर्यंत नाळ सुमारे १०११ फुटांवर, तर पिछाडी सुमारे ७२० फुटांवर पोहोचली होती. शून्य मैलाच्या खुणेवरील आकड्यापेक्षा ही खोली अवघी नऊ फूट कमी. पाणबुडी बांधली होती ती चारशे फुटांसाठी. नियंत्रण कक्षातील काटा या दोन्हींपैकी एकही आकडा दाखवू शकत नव्हता, कारण तो बसवलेला असतो मध्यभागी. टाक्यांत दाबाची हवा सोडल्यावर ती उलट दिशेने, जवळजवळ उभी होत वर उसळली. आतील सर्वजण वाचले. कवचाला बसलेल्या ताणामुळे पाणबुडी त्याच वर्षी निवृत्त झाली.

दुसरी तबकडी

जुन्या पाणबुड्यांत खोलीसाठी दोन प्रकारच्या तबकड्या शेजारी शेजारी असत. एक उथळ पाण्यासाठी, बारीक खुणांची. दुसरी पूर्ण खोलीसाठी. खोल जाताना पहिलीची नळी फुटू नये म्हणून तिचा कॉक बंद करीत. येथेच धोका होता. कॉक बंद असलेल्या तबकडीचा काटा जुन्याच आकड्यावर स्थिर उभा राहतो, आणि खोली न बदलणाऱ्या पाणबुडीचा काटाही तसाच स्थिर दिसतो. म्हणून काटा हलत नसेल तर तो पाहून निश्चिंत होऊ नये, दुसऱ्याशी ताडून पाहावा, हा पाणबुडीवरील शिस्तीचा भाग आहे. काटे निरनिराळ्या कप्प्यांत आणि शक्यतो समुद्राकडे जाणाऱ्या निरनिराळ्या नळ्यांवर बसवण्यामागेही हाच विचार असतो.

ही काळजी जुनाट झालेली नाही. ब्रिटनच्या अण्वस्त्रवाहू व्हॅनगार्ड वर्गातील एका पाणबुडीवर २०२२ मध्ये घडलेला प्रसंग नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील एका वृत्तपत्राने उघड केला. त्या वृत्तानुसार, १४० जणांना घेऊन अटलांटिकमध्ये बुडी मारलेल्या या पाणबुडीच्या अधिकाऱ्यांसमोरील खोलीदर्शक बंद पडला. पाणबुडी स्थिरावली असा त्यांचा समज झाला, प्रत्यक्षात ती खालीच जात होती. मागच्या भागातील अभियंत्यांच्या नजरेस तेथील दुसरा खोलीमापक पडला आणि त्यांनी इशारा दिला. पाणबुडी सुरक्षित परतली. या प्रसंगाच्या तपशिलावर ब्रिटिश नौदलाने भाष्य केले नाही. खर्चाच्या हिशेबात अशा दुसऱ्या तबकडीची किंमत कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही.

‘कुरसुरा’त पाहता येते

भारतीय नौदलाच्या पाणबुडी शाखेची सुरुवात ८ डिसेंबर १९६७ रोजी पहिल्या ‘कलवरी’ने झाली. हा दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. त्याच सोव्हिएत बनावटीची ‘कुरसुरा’ डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. मुंबईत बांधलेल्या नव्या सहा पाणबुड्यांपैकी शेवटची ‘वाघशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली, पण त्यांच्या नियंत्रण कक्षात सामान्य माणसाला प्रवेश मिळण्याची शक्यता नाही. त्यामुळे विदर्भातून सहलीला जाणाऱ्यांसाठी ‘कुरसुरा’ हीच सोय.

गोल दारांतून वाकून जात मधल्या कप्प्यात पोहोचले की पेरिस्कोप, चाके आणि तबकड्यांची दाटी दिसते. बहुतेक पर्यटक पेरिस्कोपजवळ थांबून छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. माहिती देण्यासाठी तेथे नौदलातून निवृत्त झालेले मार्गदर्शक नेमलेले आहेत. खोलीचा काटा कोणता आणि कलाची नळी कोणती, हे त्यांनाच विचारावे.