यंत्राचा डोळा आणि कामगाराचे तास

वस्तूचा आकार यंत्राने टिपावयाचा, ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ साली एका लेथचे पेटंट घेतले. पुढे स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात त्यावर बंदुकांचे दस्ते होऊ लागले. दस्त्याचा नमुना आणि लाकडाचा ओबडधोबड ठोकळा एकाच वेळी फिरत. एक चाक नमुन्याला चाचपीत जाई, जोडीचे कापणारे चाक तोच उंचसखलपणा ठोकळ्यावर उतरवी. सुताराच्या बोटांतली पारख अशी यंत्रात गेली.

पॅरिसच्या फ्रांस्वा विलेमने १८६० च्या सुमारास बोटांच्या जागी डोळा आणला. गोल दालनाच्या मध्यभागी माणसाला बसवून सभोवारच्या २४ कॅमेऱ्यांनी त्याची छायाचित्रे घ्यावयाची, आणि प्रत्येकाची बाह्यरेषा पँटोग्राफने मातीवर उतरवावयाची. मात्र त्या मातीला शेवटचे रूप द्यावयास कारागिराचाच हात लागे.

पुढे लेसर आला. १९९९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या पथकाने फ्लॉरेन्समधील मायकेलँजेलोच्या ‘डेव्हिड’चे मोजमाप घेतले. लेसरची रेघ दगडावर पडे. ती कशी वाकते हे बाजूचा कॅमेरा पाही, आणि त्यावरून प्रत्येक बिंदूची खोली त्रिकोणमितीने निघे. मोजणारे डोके मोटरने फिरे. पण ती उंच चौकट पुतळ्याभोवती जागोजाग ढकलून बसविणे माणसांकडेच होते. त्यांनी हिशेब छापला तो असा: ३० दिवस, मोजमापाला १०८० मनुष्य-तास, आणि तुकडे जुळविण्याला तोवर १५०० !

नंतरच्या दीड दशकात जर्मनीतील डार्मस्टाटच्या फ्राउनहोफर संस्थेने संग्रहालयांसाठी सरकता पट्टा मांडला. वस्तू पट्ट्यावरून कॅमेऱ्यांच्या कमानींखालून जाते, आणि सुटलेले कोपरे यंत्रमानवाचा हात टिपतो.

आम्हा चळवळीतल्या माणसांचे या यंत्राशी वैर नाही. भार यंत्राने उचलावा, हे तर आम्ही नेहमीच मागत आलो. आमचे म्हणणे एवढेच, की ‘स्वयंचलित’ या शब्दाखाली माणसाचे तास झाकले जाऊ नयेत. ठिसूळ मडके पट्ट्यावर बेताने ठेवणारा, चुकलेली आकृती पाहून दुरुस्त करणारा, हाही त्या यंत्राचाच भाग आहे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी मनुष्य-तास मोजले आणि छापले, ही गोष्ट आम्हांस त्या पुतळ्याच्या मोजमापाइतकीच मोलाची वाटते. कारण जे तास वहीत नोंदले जातात, त्यांचीच मजुरी मागता येते.