इंग्रजी छापचित्रांतील पत्त्यांचा डाव

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये पत्ते दरबारापासून गुत्त्यापर्यंत सर्वत्र खेळले जात. छापचित्रांनी मात्र या करमणुकीला निरनिराळे न्याय लावले. विल्यम होगार्थच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ (१७३५) मालिकेतील सहाव्या चित्रात सर्वस्व हरलेला नायक जुगारअड्ड्यात गुडघ्यांवर कोसळून आक्रोश करतो. खोलीला आग लागली आहे, पण बहुतेक जुगाऱ्यांना त्याचे भान नाही. ‘मॅरेज आ-ला-मोड’च्या (१७४५) दुसऱ्या चित्रात उमरावाच्या घरातील जमिनीवर पत्ते विखुरले आहेत आणि जवळच एडमंड हॉयलचे व्हिस्टच्या डावपेचांवरील पुस्तक पडले आहे. १७४२मध्ये निघालेले हे पुस्तक तीन वर्षांतच थट्टेचा विषय झाले होते!

जेम्स गिलरेने १७९६ साली दोन्ही टोके रंगवली. ‘टू-पेनी व्हिस्ट’मधील चौघांचा घरगुती डाव सौम्य विनोदाने येतो, त्यातील एक स्त्री त्याची प्रकाशक हॅना हम्फ्री मानली जाते. त्याच वर्षी सरन्यायाधीश लॉर्ड केनियन यांनी जुगारात दोषी ठरणाऱ्या उच्चकुलीन स्त्रियांनाही चव्हाट्यावर खोड्यात उभे करण्याचा इशारा दिला. गिलरेने लेडी बकिंगहॅमशर आणि लेडी आर्चर यांना लगेच चित्रात खोड्यात अडकवले. पुरुषांच्या क्लबांतही प्रचंड रकमा हरल्या जात. भर चौकातली ही विटंबना मात्र स्त्रियांच्या वाट्याला आली. १७९७मध्ये ‘फेरो’ या पत्त्यांच्या जुगारावरून लेडी बकिंगहॅमशर यांना प्रत्यक्षात शिक्षा झाली ती ५० पौंड दंडाची.