कडब्याची गाडी : शब्दाचे वय आणि वस्तूचे वय

सुगी संपल्यावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या शेतातून गोठ्याकडे वाहून आणणारी बैलगाडी ही दख्खनच्या गावजीवनाची अनादि खूण मानण्याचा प्रघात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथास ‘गावगाडा’ असे नाव दिले, आणि तेव्हापासून गाव व गाडा यांचे साहचर्य मराठी मनात पक्के झाले. ही गाडी गावच्या सुताराने पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने घडवली असावी, या समजुतीस आधार दिला जातो तो बहुधा शब्दांचा. तो आधार कितपत भक्कम आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

शब्द जुने आहेत, यात शंका नाही. ‘चाक’ हे संस्कृत ‘चक्र’पासून, ‘आरा’ हे ‘अर’पासून, ‘जू’ हे ‘युग’पासून, तर ‘जोते’ हे ‘योक्त्र’पासून आलेले आहे. ‘अक्ष’ या शब्दाची मराठीत ‘आंस’ आणि ‘आंख’ अशी दोन रूपे झाली. पहिल्यात ‘इक्षु’पासून ‘ऊस’ व ‘कुक्षि’पासून ‘कूस’ होताना दिसते तीच प्रक्रिया आहे; दुसऱ्यात ‘रक्ष्‌’पासून ‘राखणे’ होताना दिसते ती. स्वतः ‘गाडी’ हा शब्द प्राकृत ‘गड्डी’शी जोडला जातो. ही परंपरा अखंड आहे.

वस्तूचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. प्रवरेकाठी दायमाबाद येथे 1974 साली सापडलेल्या ब्राँझच्या रथाला बैलांची जोडी जुंपलेली आहे. म्हणजे या प्रदेशाला चाकाची ओळख साडेतीन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. त्या रथाची चाके भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही दख्खनच्या खेड्यात असत ते मुख्यत्वे भरीव चाकांचे अवजड गाडे. ते थोड्यांकडे असत, ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि त्यांचा उपयोग शेत व खळे यांच्या दरम्यानच होई. दूरची वाहतूक वंजारी-लमाणांच्या पाठाळ बैलांवर चाले. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. त्याच दशकात लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापुराकडील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या हलक्या गाड्या तयार करविल्या. 1860 साली आगगाडी सोलापुरास पोचली आणि स्थानकापर्यंत माल नेण्यासाठी गाडीला मागणी आली. तात्पर्य, सामान्य शेतकऱ्याच्या दारातील आऱ्यांच्या चाकांची, एका जोडीने ओढता येणारी गाडी ही दोनशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाही.

ही नवी गाडी गावाने आपलीशी केली ती आपल्याच साधनांनी. बाभळीचे लाकूड शेतकऱ्याच्या बांधावरचे, घडण सुताराची, लोखंडकाम लोहाराचे. अवजारांची दुरुस्ती बलुत्यात होई. नवी गाडी मात्र बहुधा वेगळी मजुरी ठरवून करून घेतली जाई. कडब्यासाठी साटीवर आडवे-उभे बांबू बांधून बैठक रुंद करावयाची, बुडखे बाहेर व शेंडे आत अशा पेंढ्या रचावयाच्या आणि वरून सोल आवळावयाचा, ही व्यवस्था शेतकरी स्वतःच करी. दोन चाकांच्या गाडीत खरे कौशल्य तोल साधण्याचे. ओझे पुढे झाले तर गाडी ‘धुरजड’ होऊन जू बैलांच्या मानेवर बसते. मागे झाले तर ती ‘उलाळ’ होऊन जू वर उचलते. या दोन शब्दांत भारकेंद्राचे सारे व्यवहारज्ञान सामावले आहे.

येथे ‘धाव’ या शब्दाकडे लक्ष वेधावयाचे आहे. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी पट्टी तापवून चढवावयाची आणि पाणी ओतून आवळू द्यावयाची, म्हणजे चाकाचे सर्व सांधे घट्ट बसतात. सामान्य शेतगाडीला ही धाव सर्रास मिळाली ती नव्या गाडीबरोबरच. तरीही तिचे नाव परके नाही. कारण ती गावातल्या भट्टीवर घडत होती.

विसाव्या शतकात मोटारीची जुनी चाके गाडीला बसू लागली, तेव्हा मात्र ‘टायर’, ‘बेअरिंग’, ‘अ‍ॅक्सल’ हे शब्द आले. मौज अशी, की ‘अ‍ॅक्सल’ आणि ‘आंस’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळाचे वंशज. सहस्रावधी वर्षांनी ते एकाच गाडीखाली भेटले आणि एकाने दुसऱ्याला हुसकावले. इंग्रजी ‘योक’ हेही ‘जू’चेच भावंड, पण ते मराठीत शिरले नाही, कारण जू अद्याप गावातच तासले जात होते. जो भाग बाजारातून विकत आला त्याचे नाव बदलले. जो घरी घडला त्याचे टिकले.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की अवजाराचे नाव हे त्या अवजाराच्या वयाचा पुरावा नव्हे. ते सांगते त्याच्या कर्त्याविषयी. 1909 च्या सुमारास युरोपात मेरिंगर व शुखार्ट यांनी शब्द आणि वस्तू यांचा जोडीने अभ्यास करण्याचा आग्रह धरला, त्याचे मर्म हेच होय. केवळ व्युत्पत्तीवरून गावाचे ‘अपरिवर्तनीय’ चित्र रेखाटणारा अभ्यासक ‘धाव’ला प्राचीन आणि ‘अ‍ॅक्सल’ला परकी ठरवील, दोन्ही बाबतींत तो फसेल.

वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेला असे, म्हणून ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण झाली. बेअरिंग आल्यावर नळा गेला. म्हण राहिली, पण तिचा अर्थ विचारावा लागतो. शब्दसंग्रहासाठी खेड्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच ‘याला काय म्हणतात’ एवढे विचारून थांबू नये. ‘हे कोणी घडवले’ हेही टिपून घ्यावे. याचे उत्तर देऊ शकणारे सुतार आता थोडे उरले आहेत.