आमचा धेंपो का हरला?

मंडळी, शीर्षक वाचून काहींना वाटेल की गुरुजींना म्हातारपणी हे काय सुचलं! पवनीच्या माणसाचा आणि फुटबॉलचा संबंध काय? वैनगंगेच्या काठी आम्ही पोहलो, कबड्डी खेळलो, शाळेच्या पटांगणावर चेंडूला लाथाही मारल्या. पण एखाद्या फुटबॉल क्लबसाठी जीव टाकणं आमच्या गावात बसत नाही. माझं मात्र तसं झालं खरं, आणि तेही पन्नाशी उलटून गेल्यावर.

थोरल्या मुलीचं बिऱ्हाड मडगावला होतं. २००८ च्या सुरुवातीला तिच्याकडे मुक्काम पडला. दिवसभर घरात बसून कंटाळलो, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, चला, फातोर्ड्याला मॅच आहे." गेलो. निळ्या कपड्यातल्या धेंपोच्या पोरांचा खेळ पाहिला आणि घरी आलो तो धेंपोवाला होऊनच. त्या हंगामात धेंपोने पहिलीवहिली आय-लीग जिंकली. त्याच वर्षी ते एएफसी कपच्या उपांत्य फेरीत गेले. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. मला वाटलं, आपला पायगुण चांगला आहे!

नंतर कळलं, पायगुण माझा नव्हता. प्रशिक्षक आर्मांद कुलासो यांनी बरीच वर्षं खपून हा संघ उभा केला होता. त्यात एक मोठं दुःखही होतं. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करतानाच त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो मैदानावर कोसळला, तो पुन्हा उठला नाही. कप धेंपोला मिळाला, पण पोरगा गेला. क्लबने त्याचा १० नंबरचा सदरा कायमचा बाजूला ठेवला. आणि त्याच हंगामात, २००४-०५ साली, हा संघ पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकला. मग २००६-०७ ला पुन्हा. मग आय-लीग सुरू झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदं!

गोव्याची लोकसंख्या ती किती? आमच्या भंडारा जिल्ह्याहून फार जास्त नाही. पण आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांत, म्हणजे २०१२-१३ पर्यंत, विजेता गोव्याचाच होता. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. कोलकात्याच्या बड्या क्लबांना सहा वर्षं हात चोळत बसावं लागलं.

धेंपोचा डाव मला समजला तो असा. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, त्याच्या जरा मागे ब्राझीलचा बेटो. बेटोने जागा हेरून चेंडू द्यायचा आणि रँटीने तो जाळ्यात घालायचा. डाव्या अंगाला क्लिफर्ड मिरांडा, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, मागे महेश गवळी आणि समीर नाईक. वर्षानुवर्षं तीच माणसं. कोण कुठे धावेल हे एकमेकांना न बघता ठाऊक. २०११-१२ च्या हंगामात एकट्या रँटीने ३२ गोल केले. जुन्या एकत्र कुटुंबात कुणी कुणाला काम सांगत नाही तरी सगळी कामं होतात ना, अगदी तसं.

आणि मग २०१२ मध्ये रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. बेटोही चर्चिलकडे गेलेला. पुढच्याच वर्षी चर्चिल विजेता! २०१३ ला कुलासोही गेले. ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, त्यांच्यानंतर इंग्रज ट्रेव्हर मॉर्गन. प्रत्येकाची शिकवण वेगळी, डाव वेगळे. मी इथे पवनीत बसून टीव्हीसमोर चिडायचो. जावयांना फोन करून सांगायचो, "अहो, पुढे दोघं का खेळवत नाही? मधल्या फळीतून चेंडू का नेत नाही? हा प्रशिक्षक बदला!" जावई बिचारे "हो बाबा" म्हणायचे.

मे २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली, दुसऱ्या श्रेणीत घसरला. शेजारी चौकात भेटले. "काय जी गुरुजी, तुमची टीम तं बुडाली ना!" मी हसलो. पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, हे खोटं कशाला सांगू?

इथपर्यंत माझं उत्तर सोपं होतं. चांगले खेळाडू गेले, डाव चुकले, संघ हरला. पण आयुष्यभर इतिहास शिकवला. पोरांना सांगत आलो की पानिपतचं कारण एक नसतं, जवळचं कारण वेगळं आणि खोलवरचं वेगळं. मग स्वतःच्या संघाला तो नियम का लावू नये?

म्हणून पुन्हा पाहिलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. एफसी गोवा हा नवा संघ निघाला. त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांची माणसं होती. प्रशिक्षक साक्षात झिको! आणि खेळाडू? मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, क्लिफर्ड... धेंपोचीच पोरं. तो संघ साखळीत दुसरा आला आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरला. हे डिसेंबर २०१४. पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्यातलीच पोरं घेऊन धेंपो रसातळाला! म्हणजे पोरं वाईट नव्हती. मला वाटतं, एका संघाचा जीव दोन संघांत वाटला गेला. वर्षाचा अर्धा भाग एकाकडे शिकायचं, उरलेल्या भागात दुसऱ्याकडे ते विसरायचं. अशाने कुठला डाव बसणार? मी प्रशिक्षकाला बोल लावत होतो, ते अर्धवट होतं.

याहून मोठी गोष्ट पुढची. खाली घसरलेल्या धेंपोने रडगाणं गायलं नाही. २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकली आणि वर येण्याचा हक्क मिळवला. खेळातला न्याय हाच. हरलात तर खाली, जिंकलात तर वर. पण त्याच सुमारास फुटबॉल महासंघाची नवी योजना पुढे आली. सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. धेंपो ज्या मजल्यावर चढून आला, तो मजलाच खालचा ठरला! साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दि गोवा आणि धेंपो, तिघांनीही २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. चढायला शिडीच नसेल तर धावायचं कशासाठी?

हे एकट्या गोव्याचं दुखणं नाही. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. २००५-०६ चा विजेता, आपल्या मुंबईचा महिंद्र युनायटेड, २०१० मध्येच मिटला. हे क्लब मैदानावर मेले नाहीत. बैठकीतल्या टेबलावर मेले.

धेंपो मात्र मेला नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला. पुढे सुपर लीगची वाट खालच्या संघांना उघडली आणि २०२३ मध्ये पंजाबचा संघ तिथून वर गेला. २०२३-२४ मध्ये धेंपोही तिसऱ्या श्रेणीतून वर चढला आणि २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परत आला. प्रशिक्षक कोण, तर आपला समीर नाईक! विजेतेपदाच्या जवळपासही नव्हता. पण मी सामने पाहिले आणि पुन्हा चिडलो, "अरे, पुढे माणूस का ठेवत नाही?" आणि मग मनातल्या मनात हसलो. चिडायला संघ परत मिळाला होता. (वरच्या लीगचं काय, तर करार संपत आला म्हणून २०२५ मध्ये तीही वेळेवर सुरू झाली नाही. मोठ्यांची घरंही वाळूवर असू शकतात.)

परवा नातू म्हणाला, "आबाजी, हरणारी टीम कशाला बघता? माझ्यासारखी जिंकणारी टीम घ्या ना." त्याची टीम मँचेस्टरची. मी त्याला जगन्नाथ टेकडीवर घेऊन गेलो. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं आणि मातीखालून जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याला म्हटलं, "बाळा, हे गाव एकेकाळी फार मोठं होतं. आज तालुक्याचं ठिकाण आहे. म्हणून आपण गाव बदललं का?"

तो म्हणाला, "पण आबाजी, गाव परत मोठं होईल का?"

उत्तर मला देता आलं नाही. वाट उघडी असली पाहिजे, एवढंच म्हणालो. पोरगं हरलं तर चालतं, पुन्हा परीक्षेला बसतं. परीक्षेचं दारच लावून घेऊ नये. मास्तर म्हणून उभा जन्म मी एवढंच मागत आलो, आणि धेंपोसाठीही तेवढंच मागतो.

असो. पुढच्या सामन्याला जावयांना फोन करायचा आहे. डाव कुठे चुकला ते सांगायला!