जपानी टर्बोला पुण्यात बाजार का मिळाला नाही

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जपानी तंत्राला कधीच मज्जाव नव्हता. 1980 च्या दशकात सरकारने हलक्या मालगाड्यांसाठी जपानी भागीदारीला परवानगी दिली आणि स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान अशी चार नावे एकदम रस्त्यावर आली. त्यांना तोंड द्यायला टेल्कोने 1986 मध्ये टाटा 407 आणली. कांदा, बटाटा, पालेभाजी वाहणाऱ्याला या स्पर्धेचा फायदाच झाला. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा टर्बोही डिझेल टेम्पोत रुळला. जपानी यंत्र आणि टर्बो दोन्ही पुण्याने स्वीकारले असताना, ज्या गाडीत या दोहोंची कमाल झाली त्या स्पोर्ट्स कारची खरेदीविक्री मात्र इथे उभी राहिली नाही. पैसा नव्हता म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते. मला ते अपुरे वाटते. या गाडीला रोखले ते आयातीच्या धोरणाने आणि नोंदणीच्या कायद्याने.

या धोरणाची मुळे जुनी आहेत. देशात गाडी घडवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना 1953 च्या सुमारास सरकारने दार बंद केले, तेव्हा 1928 पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली. पुढची कित्येक दशके परदेशी गाडी म्हणजे वकिलातीची किंवा परदेशातून कायमचे परतणाऱ्या कुटुंबाने सोबत आणलेली. नेमक्या याच काळात जपानमध्ये सुप्रा, स्कायलाइन जीटी-आर, लान्सर इव्होल्यूशन, इम्प्रेझा घडत होत्या. 1989 पासून 2004 पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसांत 280 अश्वशक्तीची मर्यादा पाळली. इंजिने त्याहून दणकट होती. टर्बोचा दाब वाढवला, मोठा इंटरकूलर बसवला की दडलेली ताकद बाहेर येई. बदल करण्याची सगळी कला त्यातून वाढली. भारताने 2001 मध्ये जुन्या गाड्यांच्या आयातीला वाट दिली ती अटी घालून: गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे, उतरवायची फक्त मुंबई बंदरात. त्यावर जबर सीमाशुल्क. अमेरिकेत 25 वर्षे उलटली की अशा गाडीला दार उघडते; आपल्याकडे तीन वर्षांतच ते बंद होते. नव्वदीच्या पूर्वार्धातली सुप्रा भारतात येण्याजोगी होती तेव्हा वाट नव्हती, वाट झाली तेव्हा तिचे वय निघून गेले होते.

यावर कुणी म्हणेल, निसानने 2016 मध्ये जीटी-आर अधिकृतपणे आणलीच ना? आणली, 1 कोटी 99 लाखांना. पण ती शोरूमची नवी गाडी. बदललेली गाडी पुढच्या मालकाला विकायची तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. आरसीवरचे तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड ठेवला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुरक्षेसाठी हे हवेच. हवेच, यात शंका नाही. जादा माल भरता यावा म्हणून टेम्पोचे पाटे वाढवणे किंवा ब्रेक तसेच ठेवून इंजिनची ताकद दुप्पट करणे, दोन्ही रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेततात. पण जपान बदललेली गाडी तपासून, नोंद बदलून रस्त्यावर येऊ देतो. वाहने तपासणारी एआरएआय 1966 पासून पुण्यातच आहे. सीएनजी किट बसवण्यासाठी आपण मंजुरीची आणि नोंदीची पद्धत घातली, तर चांगल्या ब्रेकसाठी, सस्पेन्शनसाठी ती घालणे अवघड नाही. बंदीने हौस मरत नाही, ती कागदाबाहेर जाते आणि फसतो तो दुसरा मालक. तोवर अशी गाडी कुणी दाखवली तर टर्बोचा आवाज ऐकण्याआधी सीमाशुल्क भरल्याचा कागद मागा, आणि इंजिन व चासी क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहा.