संगणकाची उघडी पेटी

यंत्र घरांत येणें आणि तें घरचें होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत प्रथम रेडिओ आला. पुढें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शनचें प्रक्षेपण वरळीहून सुरूं झाल्यावर टेलिव्हिजनची पेटी आली. घरच्या माणसांनीं या दोहोंवर विणलेलीं झांकणें घातलीं, त्यांची धूळ पुसली, दसऱ्यास त्यांना झेंडूचीं फुलेंही वाहिलीं. परंतु त्यांची पाठ उघडण्याचा अधिकार आपला आहे, असें कधीं मानलें नाहीं. तो कारागिराचा. कारागीर येई, मागचे स्क्रू काढी, आणि मुलें दोन हात अंतरावर उभीं राहून आंतील तारांकडे पाहत. टेलिव्हिजनच्या नळींत वीज बंद केल्यावरही जबर भार राहूं शकतो, हें लक्षांत घेतां तें अंतर योग्यच होतें. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत त्याच घरांत तिसरी पेटी आली, आणि तिची पत्र्याची बाजू घरांतील पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दोन स्क्रू फिरवून बिनदिक्कत काढूं लागली. हा पालट कसा घडला, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

संगणक हें आरंभीं घरांत मावणारें यंत्रच नव्हतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेलें जें यंत्र १९६० मध्यें चालूं झालें, आणि ज्याचें १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें, त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी ही केव्हांना केव्हां निकामी होणारी वस्तु; तेव्हां भाग बदलणें हा त्या यंत्राचा नित्याचाच संस्कार होता, आणि यंत्र रचणारे हातच तो करीत. व्यापारी यंत्रांची तऱ्हा वेगळी. आयबीएम कंपनी आपलीं यंत्रें या देशांत बहुधा भाड्यानें देई, आणि भाडेकऱ्यास भिंत पाडतां येत नाहीं, तद्वत् गिऱ्हाइकास यंत्राचें झांकण काढतां येत नसे. परकीय भांडवलावर मर्यादा घालणाऱ्या १९७३ च्या कायद्यावरून सरकारशीं तिचें जुळलें नाहीं, व १९७८ मध्यें ती निघून गेली. मागें राहिलेल्या यंत्रांची निगा सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशननें उचलली. मूळ कारखानदार गेला तरी यंत्र चालतें ठेवतां येतें, हें त्यायोगें सिद्ध झालें.

मौज अशी, कीं पेटी उघडी करण्याचें श्रेयही त्याच कंपनीकडे जातें, आणि तें औदार्यामुळें नव्हे, घाईमुळें. वर्षभरांत एक लहान यंत्र बाजारांत आणावयाचें असें ठरल्यावर फ्लोरिडांतील तिच्या मंडळींनीं बाहेरच्या कारखान्यांचे तयार भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आंत जादा कार्डें बसविण्यास पांच खांचा. शिवाय विद्युत्-रचनेचे नकाशे छापलेलें पुस्तक पैसे देईल त्यास. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं हें यंत्र जाहीर झालें. त्यांत कंपनीची स्वतःची म्हणावी अशी वस्तु एकच, ती म्हणजे यंत्र सुरूं होतांना त्यास जागें करणारी ‘बायॉस’ नांवाची आज्ञावली. पुढल्याच वर्षीं कॉम्पॅकनें तीही, एक ओळ न चोरतां, नव्यानें लिहून दाखविली. मग तैवानपर्यंत कोणीही मदरबोर्ड करावा, कोणीही पंखा करावा, आणि सर्व एकमेकांत बसावें, अशी स्थिति आली.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणानें आयातीचा दरवाजा किलकिला केला, १९९१ नंतर तो अधिक उघडला, आणि १९९७ मध्यें भारत माहिती-तंत्रविषयक जागतिक करारांत सामील झाल्यावर जकाती पायरीपायरीनें शून्याकडे उतरल्या. परंतु नामांकित कंपनीचा तयार संगणक पगारदार माणसास दीर्घकाळ महागच होता. येथें लॅमिंग्टन रोड पुढें येतो.

१९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचें हें नांव सरकारी पाटीवरून केव्हांच गेलें. तेथें आतां डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें लिहिलेलें असतें. लोक मात्र जुनेंच नांव घेतात. एके काळीं हा रस्ता चित्रपटगृहांचा; ‘शोले’ वर्षानुवर्षें चालला तें मिनर्व्हा येथलेंच. रेडिओच्या सुट्या भागांचा धंदाही येथें होता, आणि त्याच दुकानांच्या रांगेंत संगणकाचे भाग येऊन बसले. वरळीकरास हें अंतर फारसें नाहीं: महालक्ष्मीस गाडी धरली कीं मुंबई सेंट्रलच्या पुढचें स्टेशन ग्रँट रोड. खिशांत यादी असे. मदरबोर्ड एका दुकानांत, रॅम दुसऱ्यांत, हार्ड डिस्क तिसऱ्यांत. चारशें रुपयांच्या फरकासाठीं तीन जिने चढावे, आणि संध्याकाळीं खोकीं छातीशीं धरून गर्दीच्या गाडींतून परतावें. पक्क्या बिलाचा भाव निराळा, बिलाशिवायचा निराळा. या बाजाराचें कौतुक करणारे हा शेवटचा तपशील गाळतात, तो आम्ही गाळूं इच्छीत नाहीं. स्वस्ताईचा कांहीं अंश चुकविलेल्या कराचा होता, आणि मोबदला न देतां भरून मिळणाऱ्या आज्ञावल्यांचाही.

अशा रीतीनें जुळविलेल्या यंत्रास ‘असेंबल्ड’ म्हणत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तींत टेबल मांडलें कीं कॅबिनेट खालीं जमिनीवर, आणि उन्हाळ्यांत आंतील उष्मा निघावा म्हणून त्याची एक बाजू बहुधा उघडीच. ज्याची पोकळी रोज डोळ्यांसमोर आहे, त्याचें भय फार दिवस टिकत नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें इंटरनेट खुलें केल्यावर कित्येकांनीं पहिल्यानें आंत हात घातला तो मोडेमचें कार्ड बसविण्यासाठीं. त्यानंतरचें शिक्षण यंत्रानेंच दिलें. संगणक चालूं न होतां नुसता लांब शिट्या देऊं लागला, तर रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी दांत शाळेच्या खोडरबरानें घासावे आणि खटकन् आवाज येईपर्यंत पुन्हा दाबावी. समुद्राच्या दमट, खारट वाऱ्यांत हा उपाय वारंवार लागू पडे. (रबरानें सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, म्हणून जाणते लोक त्याऐवजीं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, पण रबर प्रत्येक दप्तरांत होतें.) घड्याळ मागें पडूं लागलें तर नाण्याएवढी बॅटरी बदलावी, यंत्र तापून बंद पडलें तर पंख्यांतील धूळ काढून प्रोसेसरवर नवा लेप लावावा. आरंभीं प्लग काढावा आणि धातूस हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, हा दंडक घरोघर पाठ झाला. २००० नंतरच्या कांहीं वर्षांत सदोष कपॅसिटर फुगून जगभर मदरबोर्ड बंद पडूं लागले, तेव्हां मात्र डाग देणारा जुना रेडिओवालाच पुन्हा उपयोगीं पडला.

घरांतील या खटपटीस जगाचे धक्के पोंचत, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. जुलै १९९३ मध्यें जपानांत निइहामा येथें चिपांच्या आवरणास लागणारी राळ करणाऱ्या सुमितोमोच्या कारखान्यास आग लागली, आणि रॅमचे भाव सर्वत्र चढले. २०११ च्या अखेरीस थायलंडांत पूर आला, आणि हार्ड डिस्क महागली. वरळीच्या गृहस्थास आपला हप्ता कां लांबला, याचें उत्तर दूरच्या आगींत नि पुरांत शोधावें लागलें.

दहा वर्षें चाललेल्या अशा यंत्रांत मूळचें काय उरे? बहुधा पत्रा. आजीच्या गोधडीस नवें अस्तर, नवे तुकडे लागत जावे आणि ती आजीचीच राहावी, तसा हा प्रकार. परंतु उपमा फार ताणूं नये. गोधडीस कोणतेंही कापड चालतें. येथें तसें नाहीं. १९९७ ते २००४ या अवधींत इंटेलनें आपल्या घरगुती प्रोसेसरची बैठक इतक्यांदा बदलली, कीं नवा प्रोसेसर घ्यावा तर मदरबोर्ड नवा, आणि मदरबोर्ड नवा तर बहुधा रॅमही नवी. रॅमच्या पट्टीची खांच पिढी बदलली कीं जराशी सरकते. चुकीची पट्टी बसूं नये हा हेतु रास्त, पण जुनी पट्टी तेवढ्यानें निरुपयोगी होते. पेटी उघडी होती खरी. आंतील वस्तूंचें आयुष्य मात्र मालकाच्या हातीं कधींच पुरतें नव्हतें.

आतां तर पेटीच मिटत चालली आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच डाग देऊन जोडलेली असते. ती वाढविणें म्हणजे यंत्रच बदलणें. ग्राहक खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक दालन उघडलें, तें स्तुत्य आहे. पण डाग दिलेली पट्टी त्यानें सुटत नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारीं कित्येक धडधाकट यंत्रें एका तारखेनें म्हातारीं ठरलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत मायक्रॉन कंपनीनें घरगुती गिऱ्हाइकांसाठीं चालविलेला आपला रॅमचा धंदा आवरण्याचें जाहीर केलें. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी तिला अधिक किफायतीची वाटली. या वेळीं आग नव्हती कीं पूर नव्हता. रॅमचे भाव मात्र तसेच चढले, आणि माळ्यावर टाकलेल्या जुन्या पेटींतील पट्टी काढून पाहण्याजोगी झाली. फक्त तिची खांच आपल्या मदरबोर्डाशीं जुळते कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें.