महाग ते पौष्टिक? आहाराविषयीचे काही रूढ गैरसमज

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी गाठण्यासाठी निघालेल्या कामगारांची त्र्यंबक रस्त्यावर रोज सकाळी गर्दी होते. बहुतेकांच्या जवळ घरचा डबा असतो. हा डबा पुरेसा पौष्टिक आहे की नाही, याविषयी मात्र अनेक घरांत शंका असते. ही शंका दूर करण्यासाठी डबाबंद पावडरी, बाटलीतले रस आणि परगावची महाग फळे विकत आणली जातात. पगाराचा एक भाग त्यांवर खर्च होतो आणि तेवढ्यापुरती डाळ, कडधान्ये, दूध यांची खरेदी आखडती घेतली जाते. पौष्टिकता किमतीवर ठरते, हा आहाराविषयीचा सर्वांत खर्चिक गैरसमज होय. इतर अनेक समजुती त्याच्याच आधाराने टिकून आहेत. त्यांपैकी काही समजुतींची ही तपासणी.

गैरसमज : अंगमेहनत करणाऱ्याला प्रोटीन पावडर हवीच

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारित केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीची गरज सुमारे ५० ग्रॅम आहे. दिवसभरात २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी किंवा पोळ्या खाल्ल्या, तर सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ व उसळ मिळून ६० ग्रॅम कडधान्यातून १४ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम आणि कपभर दुधातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक अंडे खाल्ल्यास त्यात आणखी ६ ग्रॅमची भर पडते. गरज येथेच भागते. अंगमेहनतीला जास्त लागते ती प्रामुख्याने ऊर्जा, आणि ती धान्यातून मिळते. याच संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके घेणे टाळावे, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

मुलांसाठी दुधात घालावयाच्या पावडरींचेही असेच आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या प्रवर्गातून वगळण्याची सूचना ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना केली. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, हे त्यामागचे कारण होते. पावडरीच्या डब्यावरील साखरेचा आकडा वाचल्याशिवाय ती घरी आणू नये.

गैरसमज : बीट आणि डाळिंब खाल्ल्याने रक्त वाढते

रंग लाल म्हणून रक्तवर्धक, हा तर्क आकर्षक असला तरी खरा नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते आणि डाळिंबात त्याहूनही कमी असते. तेवढ्याच बाजरीत मात्र सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. बिटात फोलेट असते, ते उपयुक्तही आहे. परंतु लोहाची उणीव त्याने भरून निघत नाही.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. घरात सर्वांत शेवटी, उरलेले जेवणारी गृहिणी थकवा आला की बिटाच्या रसावर समाधान मानते आणि रक्ततपासणी लांबणीवर पडते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेणे आवश्यक ठरते.

धान्य व भाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, हेही लक्षात ठेवावे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास शोषण वाढते, तर जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे ते घटते. त्यामुळे जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे.

गैरसमज : सफरचंद हे सर्वांत पौष्टिक फळ

आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदे नेण्याची रीत आपल्याकडे रुजली आहे. सफरचंद वाईट नाही; पण 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, तर सफरचंदात पाच मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या परिसरात हंगामात पिकणारे पेरू, केळी, पपई ही फळे स्वस्त असतात, याचा अर्थ ती कमी प्रतीची असतात असा नव्हे. कोणतेही फळ रस काढून पिण्याऐवजी चावून खावे. गाळलेल्या रसातून तंतू निघून जातात, साखर मात्र राहते.

गैरसमज : गूळ आणि मध मधुमेहींना चालतात

पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा साखरेतून सुमारे २० उष्मांक मिळतात आणि गुळातूनही जवळपास तितकेच. गुळात थोडी खनिजे असतात, परंतु रक्तातील साखर दोन्हींमुळे वाढते. मधाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत ठेवणे हितकारक आहे. प्रत्येक कपात एक चमचा धरला, तर पाच कप चहातच ही मर्यादा संपते. पाळीच्या कामात, विशेषतः रात्रपाळीत, चहाचे कप मोजले जात नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ही मोजणी म्हणूनच आवश्यक आहे.

गैरसमज : भाताने वजन वाढते, पोळीने नाही

शंभर ग्रॅम तांदूळ आणि शंभर ग्रॅम कणीक यांतून मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच असते. वजन वाढते ते एकूण प्रमाणामुळे. भाताचे प्रमाण नकळत वाढते, एवढाच त्याचा दोष. कणकेत व बाजरीत तंतू अधिक असल्याने पोट लवकर भरते, हा त्यांचा खरा फायदा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पिकणारी नागली तर १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. गायीच्या तेवढ्याच दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. 'गरिबाचे धान्य' म्हणून जिला ताटातून दूर सारले, तिच्याच बिस्किटांना आज आपण जास्त पैसे मोजतो.

गैरसमज : 'कोलेस्टेरॉलमुक्त' तेल कितीही खाल्ले तरी चालते

कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. त्यामुळे शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलाच्या पिशवीवरील ही घोषणा खोटी नसली तरी निरर्थक आहे. प्रत्येक तेलाच्या एका ग्रॅममधून नऊ उष्मांक मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नमुना ताटात २,००० उष्मांकांच्या आहारासाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल पुरावे. आपल्या घरी किती लागते, हे किराणा दुकानाच्या पावतीवर पाहता येईल.

गैरसमज : उपवासाचा साबुदाणा हलका आणि पौष्टिक

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नगण्य असतात. खिचडीत जी काही पौष्टिकता येते, ती शेंगदाण्यांमुळे. उपवासाला चालणारा राजगिरा मात्र १०० ग्रॅममागे १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने देतो. राजगिरा, भगर, दही आणि फळे यांचा फराळ केला, तर उपवासही घडतो आणि पोषणही होते.

थोडक्यात, बाजरीची भाकरी किंवा पोळी, घट्ट वरण अथवा उसळ, एक पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, लिंबाची फोड आणि सोबत एखादा पेरू, एवढ्या डब्याला कोणत्याही पावडरीची जोड लागत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भावस्था असल्यास प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. मात्र डबा एकट्या कमावत्याचाच भरून चालणार नाही. तो भरणाऱ्या गृहिणीच्या ताटातही हेच पदार्थ, याच प्रमाणात आणि सर्वांच्या बरोबरीने आले पाहिजेत. त्यासाठी खर्च वाढवावा लागत नाही. खर्चाची दिशा तेवढी बदलावी लागते.